अकरा रिकामे रकाने

मशीनच्या खोलीत चपला काढून जावं लागे. आत थंड हवेचं यंत्र होतं, त्यामुळे भर उन्हाळ्यातही मी पदर घट्ट घेऊन धूळ पुसायची. पुसणं आणि प्यायचं पाणी भरणं हे माझं काम. त्या खोलीत मात्र मी मुद्दाम सावकाश पुसायची. कॉम्प्युटर तेव्हा आमच्या कचेरीत नवलाचा होता, आणि त्याच्या आत माणसांची नावं कशी राहतात याचं मला फार कुतूहल होतं. विचारायला तोंड उघडत नसे.

त्या वर्षी जुन्या मशीनशेजारी दुसऱ्या कंपनीचं नवं मशीन आलं. जुन्यातली माहिती नव्यात न्यायला पुण्याहून एक मॅडम आल्या. मला वाटलं, तार जोडतील आणि नळ सोडल्यासारखं इकडचं तिकडे जाईल. पण मॅडम आठ दिवस कागदावर चौकटीच आखत होत्या. शेवटी मी धीर केला.

"मॅडम, हे अजून गेलं काहून नाही?"

त्या हसल्या नाहीत. खुर्ची वळवून त्यांनी कागद दाखवला. दोन्ही मशीनांत माहिती तक्त्यांतच असते, म्हणाल्या. एका तक्त्यात माणसं, दुसऱ्यात कचेरीच्या कॉलनीत राहायला क्वार्टर मागणाऱ्यांची यादी. दोन्हींत कामगाराचा तोच तिकीट नंबर असतो, म्हणून कुणाचं काय ते जुळतं. पण दोन्ही मशीनांच्या रीती वेगळ्या. जुन्यात नावाला चाळीस अक्षरांची जागा, नव्यात तीसच ठेवलेली.

"मग ज्याचं नाव लांब, त्याचं काय होते?"

"शेपूट कापलं जाईल. म्हणून आधी रकाना रुंद करायचा, मग न्यायचं."

दारातून कचेरीचे हेडक्लार्क, बडे बाबू ओरडले, "काय वं, आता मशीनची मास्तरीण व्हायचं हाये काय? पाणी आण!"

मी पाणी आणायला गेले, पण डोक्यात क्वार्टरची यादी राहिली. ती यादीही त्या मशीनमध्ये आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मी आणि माझी मुलगी भावाच्या घरी एका खोलीत राहायचो. दिवाळीनंतर भाच्याचं लग्न होतं आणि ती खोली त्याला लागणार होती. भाऊ काही बोलत नसे, वहिनी मात्र खोलीची लांबी मोजून गेली होती. मुलीची दहावी. कॉलनीत तीन क्वार्टर रिकामे होणार होते आणि यादीत माझा नंबर तिसरा होता.

दोन दिवसांनी माहिती नव्या मशीनमध्ये गेली. माणसं अकरा कमी भरली. मॅडमनी दोन्हीकडच्या याद्या छापून घेतल्या, कडेला भोकं असलेले लांबच लांब कागद. नंबर वाचून दाखवायला कुणी हवं होतं. बडे बाबू म्हणाले, चष्मा घरी राहिला. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. चौथीपर्यंत शिकले होते, आकडे मला चांगले येत.

मी जुन्या यादीतला नंबर वाचायची, त्या नव्या यादीवर बोट फिरवायच्या. नसला की जुन्या कागदावर गोल करायच्या. चौथ्या पानावर माझा स्वतःचा नंबर आला. मी वाचला.

"नाही," त्या म्हणाल्या आणि गोल केला. तो माझा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. माणसांत नंबर नसला तर क्वार्टरच्या यादीतला माझा नंबर कुणाशीच जुळणार नव्हता. मी पुढचा नंबर वाचला. आवाज बारीक झाला असावा, कारण त्यांनी दोनदा "काय?" विचारलं.

अकरा गोल झाले. "हेच का राहिले?" मॅडम स्वतःशीच म्हणाल्या.

नंबरांपुढे नावं होती, आणि ती अकराही माणसं मी ओळखत होते. झाडूवाल्या, माळी, रामटेककडचा चौकीदार, मी. आम्हाला कामावर घेताना बडे बाबूंनी जन्मतारीख विचारली होती आणि आमच्यापैकी कुणालाच सांगता आली नव्हती. माझ्या शाळेचं रजिस्टर पुराच्या पाण्यात गेलं होतं. "आणून दे मग," असं म्हणून त्यांनी रकाना रिकामा सोडला होता. नंतर कुणीच आणली नाही.

मी बाहेर गेले, ग्लास भरला, परत आले आणि टेबलावर ठेवताना बोलले. "मॅडम, या साऱ्याईची जन्मतारीख नाही. त्यातली एक मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. बडे बाबू आत आले. "त्यात काय! एक जुलै टाकून द्या सगळ्याईले. आमच्या गावचा हेडमास्तर तेच करे. अर्धं नागपूर एक जुलैले जन्मलं हाये."

मॅडम हसल्या. मला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. "जुन्या मशीनले रिकामं चाललं, नव्याले काहून नाही चालत?"

"चालतं," त्या हळूच म्हणाल्या. "रकाना करताना मीच लिहिलं होतं, रिकामा चालणार नाही म्हणून."

"मंग रिकामंच राहू द्या. माहीत नाही तर माहीत नाही."

त्यांनी ती अट काढली. अकरा जणांची माहिती पुन्हा पाठवली. पडद्यावर माझा नंबर आला, शेजारी नाव, आणि तारखेच्या जागी काहीच नाही. क्वार्टरच्या यादीत मी तिसरीच होते.

महिन्याभराने क्वार्टरचा अर्ज भरायला बोलावलं. त्यावरही जन्मतारखेचा रकाना होता. मी तो तसाच सोडून अर्ज बडे बाबूंपुढे सरकवला. त्यांनी रिकाम्या जागेवर बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का उचलला.