बनूबाईच्या घरात माणसं किती?

पालेगावच्या बनूबाईसारखी उत्तरं देणारी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि मी काही थोड्या बायका पाहिलेल्या नाहीत. परक्या माणसाच्या दारात जाऊन ‘तुमच्याकडे संडास आहे का? मागच्या महिन्यात कोणाला जुलाब झाले का?’ असं तोंडावर विचारायचं, हे गेली तीन वर्षं माझं काम आहे. कुठल्याशा परदेशी विद्यापीठाचा अभ्यास चालू आहे, आरोग्य, शिक्षण आणि पोटापाण्याचा. दरवर्षी तीच घरं, तेच प्रश्न. चोपन्नाव्या वर्षी मी हे खूळ डोक्यात घेतलं तेव्हा आमचे हे म्हणाले होते, ‘नाहीतरी आपल्या शिरगावात सगळ्यांच्या चौकशा करतच असतेस, आता निदान पगार मिळेल.’ दोन दिवस बोलले नाही मी त्यांच्याशी.

बनूबाईला मात्र हा अभ्यास म्हणजे परीक्षा वाटायची. मी तिला दहादा सांगितलं की यात चूक-बरोबर काही नसतं. ऐकेल तर शपथ! पहिल्या वर्षी मी विचारलं, ‘मागच्या सात दिवसांत पालेभाजी किती दिवस खाल्ली?’ माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, ‘सात.’ मी काही बोलले नाही तर घाईघाईने म्हणाली, ‘आठ लिही.’ दुसऱ्या वर्षी तर कहरच. मी येणार हे कळल्यावर तिने आठवडाभर घरी माठ, चवळी, मेथी रांधली आणि अख्ख्या आळीला पढवून ठेवलं की साबणाने हात धुतो असंच सांगा. त्या आळीत मला चौदा घरांत शब्दाशब्दाला तेच उत्तर मिळालं. आमच्या टीमचा साहेब अनीश, माझ्या मुलाच्या वयाचा, आकडे बघून खूश. म्हणाला, ‘मॅडम, पालेगाव एकदम प्रगत आहे!’ मी कपाळावर हात मारला.

यंदा गेले तेव्हा चित्र बदललं होतं. हिरामण, म्हणजे बनूबाईचे यजमान, जाऊन दोन वर्षं झालेली. त्यांच्या शेतावर आता सात मजल्यांची बिल्डिंग उभी होती, आणि तिच्या चौथ्या मजल्यावर मुलगा राजू, सून उमा आणि तीन नातवंडं राहायला गेली होती. बनूबाई खाली जुन्या घरातच. शेळ्या आहेत, चूल आहे, मी इथंच बरी, असं ती म्हणाली म्हणे, आणि सगळ्यांनी ते खरं धरलं.

रविवार होता. ओट्यावर सहा ताटं धुऊन पालथी घातलेली. मी टॅब उघडायच्या आत बनूबाई म्हणाली, ‘सहा माणसं. लिही.’

‘कुठे आहेत बाकीची?’

‘आत्ताच वर गेली, टीवी बगाला.’

तेवढ्यात चौथ्या मजल्याच्या गॅलरीत उमा कपडे वाळत घालताना दिसली. बनूबाईने तिकडे पाठ फिरवली. आमच्या अभ्यासात कुटुंब म्हणजे एका चुलीवर शिजलेलं खाणारी माणसं. नातं, रक्त, रेशनकार्ड काही चालत नाही. मी पुन्हा विचारलं, ‘सगळे इथंच जेवता?’

‘इथंच. मी काय खोटं बोलतंय?’

मी सहा लिहिलं. पुढे तेलाचा प्रश्न आला. महिन्याला तेल किती लागतं?

‘अर्धा लिटर,’ ती पटकन बोलली. टॅब लालेलाल! सहा माणसांना अर्धा लिटर तेल कसं पुरेल, खात्री करा, म्हणे. मीठ? मिठाची पिशवी तीन महिने. तांदूळ? रोज एक वाटी. प्रत्येक उत्तराला टॅब लाल. बाई भाजीबद्दल थापा मारेल, साबणाबद्दल मारेल, पण चाळीस-पन्नास वर्षं ज्या डब्यात हात घातला त्याचा हिशोब तिच्या तोंडून खोटा निघेना. तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

‘बनूबाई,’ मी म्हटलं, ‘हे एका माणसाचं आहे.’

मला तिची दया आली आणि तिचा रागही आला, कारण आता सहाचा एक मलाच करायचा होता. कुटुंबप्रमुख: बनूबाई. सदस्य: एक. नियमाप्रमाणे वाचून दाखवलं.

‘एकटीच?’ तिने पदर डोळ्याला लावला. ‘मालक असताना त्यांच्या खाली माजा नाव होता. मग राजूच्या खाली. आता कोणाच्याच नाय? मना रडाला येतंय, गो बाय.’

‘मग जात का नाही वर जेवायला?’

‘कोणी या म्हटलंय? बोलावल्याबिगर जाऊन पाटावर बसू? मी काय भिकारीण हाय?’

आता वरचं घर नवं कुटुंब झालेलं, तेव्हा त्याचीही नोंद करणं आलं. गेले वर. उमाने पाणी दिलं, माणसं सांगितली पाच. पुढे तांदळाचा प्रश्न. ती कुकरकडे बघत सहज म्हणाली, ‘रोज सहा जणांचा लावते.’

‘पाच म्हणालात ना?’

उमाचा चेहरा कसनुसा झाला. ‘एका माणसाचा जास्ती टाकते, मॅडम. आई कधी आल्या तर? सात महिने झाले, एकदा पण नाही आल्या. मग सकाळी फोडणीचा भात करून मीच खाते.’

‘बोलावलंत का?’

‘अहो, घर त्यांचंच आहे. सासूला काय बोलावणं करायचं? त्या काय गेस्ट आहेत?’

एका घरातलं उत्तर दुसऱ्या घरात सांगायचं नाही, अशी आम्ही सही केलेली असते. खाली एक बाई बोलावण्यासाठी झुरतेय, वर दुसरी शिळा भात खातेय, मधे चार मजले, आणि दोन्हीकडचं फक्त मला ठाऊक. शहाणी असते तर टॅब मिटून घरी गेले असते. पण माझं डोकं फिरलं. गॅलरीत गेले आणि ओरडले, ‘बनूबाई! जेवायला या वर!’ उत्तर कोणाचंच सांगितलं नाही मी, लक्षात घ्या.

बनूबाईने मान वर केली. ‘तू कोण गो बोलावनारी?’

बरोबरच होतं. मी उमाला दंडाला धरून गॅलरीत आणलं.

‘मॅडम, अख्खी बिल्डिंग ऐकेल!’

‘ऐकू दे. हाक मार मुकाट्यानं!’

उमा कठड्यावरून खाली वाकली. ‘आई, या ना वर. भात झालाय. थांबलोय आम्ही.’

बनूबाई घरात गेली आणि दार लावून घेतलं. झालं, रुसली, मी म्हटलं. उमाच्या डोळ्यांत पाणी. राजू टीव्ही बंद करून उगाच रिमोट पुसत बसला.

पंधरा मिनिटांनी बेल वाजली. दारात बनूबाई. ठेवणीतलं लुगडं, डोक्याला तेल, लिफ्टची भीती म्हणून चार मजले चढून आलेली, धापा टाकत. नातवंडं तिला येऊन चिकटली. ती बसली, जेवली. ‘आमटीत मीठ नाय,’ म्हणाली, आणि उमा चक्क हसली.

मग माझ्याकडे वळून बनूबाई म्हणाली, ‘खोड आता ते. सहा लिही.’

‘असं एका जेवणाने होत नाही, बनूबाई. सहा महिने एका चुलीवर जेवलात तरच एक कुटुंब. नियम आहे.’

बनूबाईने बोटांवर काहीतरी मोजलं.

‘मग आज पयला दिवस धर,’ ती म्हणाली आणि उमापुढे ताट सरकवलं, ‘वाढ गो भात.’