कुणी विचारलं का?

"कुणी विचारलं का?"

दुकानाचं दार ढकलून पाऊल आत टाकलं की उस्तादांचा पहिला प्रश्न हाच. ना सलाम, ना खुशाली. मी म्हणायचो, "अहो उस्ताद, आधी बसा तरी!" मग ते ओशाळून सलाम करत, चहाचा ग्लास हातात घेत, आणि पुन्हा तेच, "कुणी विचारलं का?" असली एकाच वाक्याची माणसं तुम्हीही पाहिली असतील.

इथं आखातात, सलवामध्ये माझं फ्रेमचं दुकान आहे. मूळचा मी राजापूरकडचा, लाकडात हात घालूनच मोठा झालो. चित्रांना फ्रेमा करतो, आणि परदेशी पाठवायची असली तर लाकडी खोकीही बनवतो. उस्ताद खार्तूमचे. आठवडाभर मीना अब्दुल्ला या बंदराच्या भागात एका कारखान्यात धोक्याच्या पाट्या रंगवायचे आणि जुम्म्याची नमाज झाली की माझ्याकडे यायचे. या माणसाची चित्रं लंडन-पॅरिसला लागतात, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण खोकी मीच ठोकलेली, म्हणजे हसायचीही सोय नाही.

पहिल्याच कामात मी घोळ घातला. चित्रात एक माणूस रिकामी पिशवी घेऊन पाठमोरा चाललेला, आणि त्याचा डावा खांदा चांगलाच उतरलेला. मला वाटलं, कॅनव्हास तिरका ताणला गेलाय. इमानेइतबारे सगळे खिळे काढले आणि कापड ओढून दोन्ही खांदे एका रेषेत आणले. उस्तादांनी पाहिलं मात्र, भडकलेच!

"हा कोण? याला मी ओळखत नाही!"

मग स्वतःच ते पुन्हा ताणायला बसले आणि बसल्या बसल्या बोलले. तो त्यांचा धाकटा भाऊ. लहानपणापासून पाण्याचे डबे वाहून त्याचा डावा खांदा उतरलेला. लढाई पेटली तेव्हा पाव आणायला म्हणून घरातून निघाला, तो परतलाच नाही. कुणी म्हणे मारला गेला, कुणी म्हणे समुद्र ओलांडून युरोपात पोचला. उस्तादांनी खिडकीतून त्याला शेवटचं पाहिलं, ते असं.

"पण चेहरा का नाही काढलात?"

"चेहरा आठवावा लागतो, हबीबी. पाठ मी पाहिलीय."

ते चित्र त्यांनी कधी विकलं नाही. गिऱ्हाइकं मागं लागायची. मीही म्हणायचो, विका की, डोक्यावर छप्पर होईल. छे! पण प्रत्येक प्रदर्शनाला ते पाठवायचेच. कुठल्या तरी शहरात कुणीतरी थबकेल आणि तो खांदा ओळखेल, एवढीच त्यांची आशा. त्यांना स्वतःला व्हिसा कधी मिळाला नाही. मी झाकण लावायच्या आधी ते कॅनव्हासच्या मागे तळवा टेकवत आणि म्हणत, "तू हो पुढे, मी आलोच."

लंडनच्या प्रदर्शनवाल्या बाई दुकानात फोन करायच्या आणि माझी मुलगी त्यांचं इंग्रजी आम्हाला सांगायची. एकदा म्हणाली, "चाचा, ते तुम्हाला व्हॉइस ऑफ आफ्रिका म्हणतायत, आफ्रिकेचा आवाज!"

"आफ्रिका मी कुठं पाहिलीय बेटा? एक गल्ली पाहिलीय. त्या पाठमोऱ्याबद्दल कुणी विचारलं का?"

"किंमत विचारली."

उस्तादांनी ग्लास खाली ठेवला आणि चहा तसाच सोडून गेले.

मागच्या हिवाळ्यात उस्तादांच्या छातीत कळ आली आणि खलास. चित्र तेव्हा लंडनलाच होतं. जनाज्याला मोजकीच माणसं. मीही खांदा दिला. फार रडलो, खोटं कशाला सांगू?

नंतर त्या बाईंनी प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवसाचे फोटो पाठवले. एका फोटोत चित्रापुढे राखाडी कोटातला एक माणूस उभा होता, कॅमेऱ्याकडे पाठ करून. त्याचा डावा खांदा उतरलेला. मुलीला म्हटलं, फोन लाव, विचार, यानं काही विचारलं का?

तिनं विचारलं आणि माझ्याकडे न बघता सांगितलं, "हो अब्बा. हे काढणारा कुठं असतो, असं विचारलं. दारावरच्या माणसाला ठाऊक नव्हतं. तेव्हा त्याला 'उद्या येतो' म्हणून गेला."

उद्या तिथं काहीच नव्हतं. त्याच संध्याकाळी भिंती रिकाम्या झाल्या होत्या.

तो नसेलही. जगात उतरलेले खांदे काय कमी आहेत? पण चित्र परत आल्यापासून मला झोप नाही. बाईंना मी गळ घातली, ते पुन्हा त्याच भिंतीवर लावा, हवं तर महिनोन्‌महिने. त्या हो म्हणाल्या. दुकानाचा पत्ता आणि फोन आता चित्राशेजारीच लागेल.

काल खोकं तयार केलं. कॅनव्हासच्या मागे तळवा टेकवला आणि म्हटलं, "तू हो पुढे."

पुढचं वाक्य माझं नव्हतं. कुणी म्हणतंय का, म्हणून थोडा वेळ थांबलो. मग झाकण लावलं.