मोजणीसाहेबांची कात्री

सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाने काय करावं? चष्म्याचा नंबर वाढवावा, पोट आत ओढून फोटो काढावेत, जिना चढताना गुडघ्याच्या नावाने बोटं मोडावीत. मोजणीसाहेबांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी बायकांचे केस कापायचं ठरवलं.

मोजणीसाहेब म्हणजे सरकारी मोजणी खात्यातलं जुनं खोड. बावीस वर्षं फीत, दुर्बीण आणि सपाटी दाखवणारी बुडबुड्याची पाणसळ घेऊन लोकांच्या जमिनींच्या हद्दी ठरवत हिंडले. काम चोख, सूतभर इकडचं तिकडे नाही. पण या चोखपणाचं फळ असं, की बावीस वर्षांत एकही माणूस मोजणी झाल्यावर हसत घरी गेला नाही. ज्याची जमीन कमी भरली तो शिव्या देई, ज्याची जास्त भरली तो म्हणे, "अजून थोडी निघायला हवी होती." याउलट घराच्या पुढच्या खोलीत वहिनींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, पार्लर. तिथे रडवेल्या तोंडाने आलेली बाई तासाभरात आरशासमोर मान वळवून वळवून स्वतःकडे बघत बाहेर पडायची. साहेब आतल्या खोलीत जेवणाची वाट बघत हे बघायचे आणि मनातल्या मनात जळायचे.

शेवटी त्यांनी रविवारचा केशकर्तनाचा वर्ग लावला. सोळा मुली आणि हे एकटे काका. प्रमाणपत्र हातात पडल्यावर बिनपगारी तीन महिन्यांची रजा टाकली.

थोरल्या भावाचा फोन आला. "अरे, घराण्याचं नाक कापलंस!"

"नाक नाही दादा, अजून फक्त केसांपर्यंतच शिकवलंय."

वहिनी मात्र पक्क्या. त्यांनी अट घातली, "तीन महिन्यांत नात्यातली नसलेली एक तरी बाई तुमच्याकडून केस कापून घेऊन 'पुन्हा यांच्याकडेच येईन' म्हणाली, तर राजीनामा द्या. नाहीतर मुकाट्याने ऑफिस गाठा. माझं गिऱ्हाईक तुमच्या हौसेपायी पळालं तर खायचं काय, पाणसळ?"

तीन महिने साहेबांनी केर काढला, टॉवेल वाळत घातले, गिऱ्हाइकांची डोकी धुतली. डोकं धुऊन घ्यायला कोणाची ना नव्हती. कात्री उचलली रे उचलली, की खुर्चीतून आवाज यायचा, "नको हो भाऊजी, वहिनीच कापतील." बघता बघता शेवटचा शनिवार उजाडला. सोमवारी ऑफिस.

त्या शनिवारी वहिनींचे दोन्ही हात एका गिऱ्हाइकाच्या रंगात कोपरापर्यंत बुडालेले, आणि दारात मोठ्या बाई उभ्या. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. निम्मी गल्ली त्यांच्या हाताखालून गेलेली; त्या समोरून आल्या की पन्नाशीचे बाप्येही शर्टाचं बटण लावतात.

"उद्या रविवारी शाळेत माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचा फोटो आहे. मला थांबायला वेळ नाही," त्या म्हणाल्या.

वहिनींनी रंगाच्या वाटीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि नाइलाजाने नवऱ्याकडे बघितलं.

"यांना येतं?" बाईंनी विचारलं.

"शिकलेत," वहिनी म्हणाल्या. आणि पाठ फिरवून पुन्हा रंगाला लागल्या.

साहेबांनी घाईत एप्रन उलटाच चढवला. पण कंगवा हातात आला आणि बावीस वर्षांची सवय अंगात संचारली. त्यांनी बाईंना ताठ बसवलं. मानेमागे दोन ठिकाणी चिमटे लावून खुणा केल्या. मग वहिनींची पाठ वळलेली बघून खिशातून वीतभर पाणसळ काढली आणि केसांच्या कडेला हळूच टेकवली. बुडबुडा मध्यावर येईपर्यंत पाऊण तास कापत राहिले. शेवटी दोन पावलं मागे सरून त्यांनी एक डोळा मिटला. रेघ अशी सरळ, की तिच्यावर भिंत बांधावी.

वहिनी हात पुसत आल्या आणि जागीच थबकल्या. डावीकडचे केस खांद्याला टेकलेले, उजवीकडचे खांद्याच्या दोन बोटं वर लोंबत होते.

"अहो, हे काय करून ठेवलंत?" वहिनी दातांवर दात ठेवून कुजबुजल्या. "सगळं तिरपं झालंय!"

आता मोजणीवाल्याला काहीही म्हणा. चोर म्हणा, लाचखाऊ म्हणा. पण त्याच्या रेघेला तिरपी म्हणायचं नाही.

"केस सरळच आहेत," साहेब ठणकावून म्हणाले. "बाई तिरप्या आहेत!"

रंग लावून बसलेल्या गिऱ्हाइकाने मासिक तोंडासमोर धरलं, तेही उलटं.

"काय म्हणालात?" आरशातून प्रश्न आला.

बाण सुटला होता. साहेब म्हणाले, "बाई, तुमचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे. मी जमिनीशी समांतर कापलं. मोजणीत चूक नाही."

मोठ्या बाई उठल्या, आरशाजवळ गेल्या. एकदा या खांद्याला हात लावला, एकदा त्या.

"चौतीस वर्षं वह्यांचे गठ्ठे याच हातात वाहिलेत," त्या सावकाश म्हणाल्या. "शिंपी दर वेळी म्हणतो, कापडच एका बाजूला ओढलं जातं. मेला खोटं बोलत होता तर!" आणि अचानक वळल्या. "मग आता सांगा, मी या केसांप्रमाणे कलायचं, की केसांनी माझ्याप्रमाणे? हद्द कोणाची धरायची, जमिनीची की माझी?"

बावीस वर्षांत हा प्रश्न साहेबांना कोणी विचारला नव्हता. जमिनीला खांदे नसतात, आणि तिला उद्या फोटोलाही बसायचं नसतं. साहेबांचे कान लाल झाले.

"तुमची," ते म्हणाले. "चूक माझी आहे. बसा, आणि या वेळी ताठ बसू नका. रोज बसता तशा बसा. काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"शाळेतला सगळ्यात वात्रट मुलगा कोण होता?"

बाईंचा चेहराच बदलला. "अरे देवा! एक होता, खडूचा डबा वर्गाच्या खिडकीतून थेट माझ्या टेबलावर..." त्या सांगत सुटल्या. सांगताना मान उजवीकडे कलत होती, हसताना हनुवटी वर जात होती. साहेब सगळं टिपत होते. पाणसळ त्यांनी टॉवेलांच्या कपाटात टाकून दिली आणि निव्वळ नजरेने डावीकडचे केस दोन बोटं उचलले. फितीने मोजले असते तर दोन बाजूंत फरक निघाला असता. आरशात मात्र बाई अशा दिसत होत्या, की वात्रट मुलाची गोष्ट त्यांनी अर्ध्यावरच सोडली आणि स्वतःकडेच बघत राहिल्या. आधी डावीकडून, मग उजवीकडून.

"पुढच्या महिन्यातला दुसरा शनिवार लिहून ठेवा," त्या उठता उठता वहिनींना म्हणाल्या. "यांच्याच नावावर. गोष्ट अर्धी राहिलीय."

त्या फाटकातून हसत बाहेर पडल्या. साहेब दारात उभे राहून, त्या कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिले.

"ऐकलंत ना काय म्हणाल्या?" त्यांनी बायकोला विचारलं.

"बहिरी नाही मी," वहिनी वहीत नाव लिहीत म्हणाल्या. "सोमवारी जाऊन राजीनामा देऊन या. अकराच्या आत परत या, टॉवेल कोण धुणार? आणि गिऱ्हाइकाला तोंडावर तिरपं म्हणायचं नाही. मनात म्हणायचं."

सोमवारी साहेबांनी अर्ज दिला. वरिष्ठांनी तो दोनदा वाचला, "वेड लागलंय तुम्हाला" म्हणाले, सरकारी नोकरीवर दहा मिनिटं प्रवचन दिलं. मग उठून केबिनचं दार लावलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "ते... मागच्या बाजूला विरळ झालेले केस झाकता येतील असं काही शिकवलंय का हो तुम्हाला?"

साहेबांनी त्यांना खुर्चीवर बसायला सांगितलं.