मास्ट खाली घेण्याची दहा मिनिटं

सत्तरच्या दशकात आमची सिग्नल कंपनी सरावासाठी सोलापुरात होती. मी हवालदार. एक टेलिफोन एक्स्चेंज सोलापूरच्या कॅम्पात, दुसरं वैरागजवळ. दोन्हीकडे तारांचं जाळं तयार होतं, मधलं अंतर रेडिओने जोडायचं होतं. १६०० वाजता कर्नलसाहेब वैरागला पहिला फोन लावणार होते.

सकाळी सोलापूरच्या बाजूला मास्ट, म्हणजे रेडिओच्या एरियलचा चाळीस फुटी धातूचा खांब, उभा केला. डाव्या बाजूने विजेची लाईन जात होती. नियमाप्रमाणे मास्टच्या उंचीच्या दुप्पट अंतर मी स्वतः पावलांनी मोजलं. या कामात माझा हात धरणारा कोणी नाही, अशी माझी समजूत होती.

मास्टच्या बुडाशी नाईक नामदेव. माळशिरसकडचा, मेंढरं राखत वाढलेला, जेवताना सगळ्यांची टर उडवणारा. वैरागच्या सेटवर त्याच्याच गावचा लान्स नाईक शिवाजी.

१५३० ला लिंक लागली, पण आवाज खरखरत होता. समोर बाभळी आड येत होत्या. मास्ट वीस पावलं डावीकडे न्यायला हवा होता.

"हवालदारसाहेब, खाली घेऊ की," नामदेव म्हणाला. "धा मिन्टं लागत्याल."

"वेळ नाही. उभाच सरकवा."

असं करायचं नसतं. पण मागच्या सरावात असंच करून आम्ही दुसऱ्या कंपनीची जिरवली होती. चौघांनी ताणाचे दोर धरले. नामदेवनं बूड कवेत घेतलं. मी सिग्नल दाखवणाऱ्या मीटरच्या काट्याकडे बघत राहिलो. लाईनपासूनचं अंतर पुन्हा मोजायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

आपसात बोलायच्या वेगळ्या छोट्या सेटवर शिवाजी ओरडला, "लाउड अँड क्लिअर! तितंच थांबा. ओव्हर."

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि मास्ट विजेच्या तारेवर कलला. मोठा आवाज झाला. मास्ट घसरून खाली आला, शेजारी नामदेव पडला. दोर धरलेले चौघे जागीच खिळले. मी धावलो, त्याच्या छातीला कान लावला. काही नव्हतं. 

"सिग्नल गेला. नाम्या हलला का? ओव्हर," छोट्या सेटवर शिवाजी विचारत होता.

मी सेट उचलला, बोलायचं बटण दाबलं.

"शिवाजी, मास्ट तारेला लागला. नामदेव मेला. ओव्हर."

"रॉजर," तो सवयीनं म्हणाला. मग बटण सोडायचंच विसरला. त्याचा हुंदका मला ऐकू येत राहिला. तो बटण सोडेपर्यंत माझं काही त्याच्यापर्यंत पोचणार नव्हतं.

चौकशीत मी सगळं कबूल केलं. हुद्दा उतरला, तो उतरायलाच हवा होता. पुढच्या सगळ्या नोकरीत एक पाऊल सरकवायचं असलं तरी मास्ट आधी खाली घेतला. कोणी घाई केली की मी नामदेवचं नाव सांगायचो.

त्याला घरी पोचवायला मीच गेलो होतो. अंगणात त्याच्या वडिलांनी माझा हात धरला.

"सायेब, पोरानं तुमचं ऐकलं न्हाय व्हय?"

"ऐकलं, बाबा," मी म्हणालो. "ऐकलं म्हणूनच मेला."