बाहेरची कडी

“डब्बा खाली आहे का गा?” नागपूरहून महिन्यातून एकदा येणारे ते काका फोनवर एवढंच विचारतात. डब्बा म्हणजे तलावाकाठच्या आमच्या लाकडी केबिनांपैकी सगळ्यात लहान केबिन; तीच त्यांना लागते. आत शिरले की दोन्ही हात पसरतात आणि बोटं दोन्ही भिंतींना टेकली की म्हणतात, “बस, माणसाले इतकं पुरते.” मग पायरीवर बूट काढून झोपतात, नाहीतर तेच बूट घालून टेकडीच्या वाटेला लागतात.

पाहुणा फिरायला गेला की केबिनला बाहेरून कडी लावणं माझं काम, कारण वानरं आत शिरतात. मे महिन्यातल्या एका दुपारी काकांच्या पायरीवर बूट दिसले नाहीत. मी कडी लावली आणि चादरी धुवायला काठावर गेलो. बूट त्यांनी वानरांच्या भीतीनं आत घेतले होते.

तासाभरानं मालकांना दार ठोकल्याचं ऐकू आलं. मी काठावरून धावत आलो तोवर त्यांनी कडी काढली होती. काका घामानं चिंब होऊन बाहेर आले. मालक माझ्याकडे वळले. आठवीत शाळा सोडून सांगलीहून इतक्या लांब आलेल्या मला दुसरं काम कोण देणार, एवढंच मनात आलं.

“त्याले काहून रागावून राहिले? मीच म्हटलं होतं, कडी लाव म्हणून,” काका म्हणाले.

“मग ठोकत काहून होते?”

“झोप झाली ना माही.”

पुढच्या महिन्यात आले तेव्हा दुपारी ते दार सताड उघडं टाकून, त्यात खुर्ची अडकवून झोपले. ते उठेपर्यंत मी काठी घेऊन पायरीवर बसून राहिलो.