कुंकवी लाल, विटकरी लाल

"अबे, डोये हायेत का शर्टाच्या गुंड्या? हे पयल्या खेपेची? हे? कोन्या गाढवानं सांगतलं तुले?"

माझा अकोल्याचा मित्र खिडकीशी बसून माझीच जुन्या गाण्यांची रेकॉर्ड माझ्या नाकासमोर नाचवत ओरडत होता. त्याचं ओरडणं साधं नव्हे. एकदा तो असाच तापला, तर तिकडे मूर्तिजापूरला उभी असलेली गाडी शिट्टी झाली समजून सुटली. गार्डाने पुढच्या स्टेशनावर स्वतः कबूल केलं. मी होतो त्या गाडीत. म्हणजे नव्हतो, मी अकोल्यात त्याच्या समोर शिव्या खात होतो, पण गोष्ट खरी आहे.

"हा लाल रंग पाह्य! विटकरी हाय हा, विटकरी! पयल्या खेपेचा कुंकवी रायते. जिंदगीभर दुकानात मी काय कडबा इकला?"

दुकान कापडाचं होतं. कंपन्या एकच रेकॉर्ड वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा काढत आणि दर खेपेला मधल्या गोल लेबलात काहीतरी बदले. कधी लालाची छटा, कधी चांदीच्या अक्षरांऐवजी पांढरी, कधी कडेने फिरणारी बारीक ओळ. बाकीचे शौकीन भिंग लावून ती ओळ वाचत बसतात. हा लुगड्याचा पदर पाहावा तसं लेबल उजेडात धरायचा आणि खेप सांगून मोकळा व्हायचा. मोबाइलवर फोटो पाठवला की भडकायचा. "फोटोत समदे लाल सारखेच. घेऊन ये."

म्हणून मी दर रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरायचो. पिशवीत एक रेकॉर्ड आणि डोक्यात तिच्याविषयीची एक थाप.

थापच. ती विटकरी आहे हे मला अमरावतीत, घराला कुलूप लावतानाच ठाऊक होतं. पण चांगली थाप शिजवायला आठवडा लागतो, राव. फार ढोबळ केली तर तो नुसता हसणार. फार बारीक केली तर एखाद्या वेळी 'बरोबर' म्हणून चहा मागवणार, आणि मग माझा रविवार पाण्यात.

बायको गेल्यापासून मला घरात कोणी 'तुमाले काई समजत नाई' म्हटलेलं नाही. मुलगा पुण्याहून फोन करतो. मी काहीही बोललो तरी 'हो बाबा' म्हणतो. एकदा मी सांगितलं, काल धारणीकडचा वाघ आपल्या गच्चीवर आला आणि वाळत घातलेले पापड खाऊन गेला. "हो बाबा," तो म्हणाला, "काळजी घ्या." अशा घरात माणसाने तोंड तरी कशाला उघडायचं? साऱ्या वऱ्हाडात मला खोटं पाडायची तसदी घेणारा एवढा एकच माणूस उरला होता.

दिवाळीनंतर तो फोन उचलेनासा झाला. शेवटी त्याच्या सुनेने उचलला. "काकाजी, मामाजीचे डोये साखरेनं गेले. उजेड-अंधार तेवढा समजते, रंग नाई समजत. रेकॉर्डी पेटीतून काढतच नाईत ते."

त्या आठवड्यात मी आयुष्यातली सगळ्यात मेहनतीची थाप बांधली. जुन्या खेपांच्या लेबलावर एक गोल खाच दाबलेली असते, ओल्या पिठावर बांगडी उमटावी तशी. नखाला लागते. पुढे साचे बदलले आणि लेबलं सपाट झाली. मी शोधून शोधून एक सपाट लेबलाची रेकॉर्ड काढली. डोळ्यांचं कामच नको. बोटाने पकडावी अशी थाप. गाडीत त्याच्या नव्या शिव्या मीच मनात रचत गेलो. एक तर इतकी झणझणीत जमली की समोरचा प्रवासी विनाकारण उठून दुसऱ्या डब्यात गेला.

तो खिडकीशीच बसला होता, तोंड उजेडाकडे करून.

"आला काय?"

"आलो. हे घे. खाचवाली हाय, अस्सल पयल्या खेपेची. अख्ख्या वऱ्हाडात दुसरी नाई!"

त्याने रेकॉर्ड मांडीवर घेतली. भोक चाचपलं. तिथून बोट लेबलावर सरकवत कडेपर्यंत नेलं, मग गोल फिरवलं. मग उलटं फिरवलं, या वेळी नखाने. नख कुठेही अडलं नाही, ते मला दिसत होतं. बोट थांबलं. मी पाठ ताठ करून, कान सावरून बसलो.

त्याने बोट लेबलावरून उचललं.

"बोल ना बे," मी म्हणालो. "चूप काहून बसला? खाच हाय का नाई?"

त्याने रेकॉर्ड पाकिटात घालायला घेतली. पहिल्यांदा पाकिटाचं तोंड चुकलं, दुसऱ्यांदा सापडलं. ती त्याने मी बसलो होतो त्याच्या जरा डावीकडे पुढे केली.

"असंल," तो म्हणाला. "तू म्हनतं तं असंल."