माळवदावरची माती
सात जूनला स्लॅबवरचा पाण्याचा पाइप मोकळा करत होते, तेवढ्यात डोंगराकडून गडगडलं आणि भूकंपानंतरचा पहिला मृग आठवला. मुखेडच्या आमच्या घराच्या माळवदावर पावसाआधी मातीचा नवा थर टाकायची रीत होती, नाहीतर घर गळायचं. पण लातूरकडची माणसं अशाच मातीखाली गाडली गेली होती आणि आमची लेकरं माळवदाखालीच निजायची. त्या मृगालाही असंच गडगडलं, तशी सासूबाईंनी मातीची पाटी भरली. "ढग आलेत, चढ वर." मला आवाज जमिनीतून आल्यासारखा वाटला. "आत्या, ढगच हायत कशावरून?" "मग काय डोंगर ढेकर देऊन राहिला?" त्या हसल्या, पण उंबऱ्याच्या आत काही गेल्या नाहीत. ते मी बघून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खोरं घेऊन वर चढले आणि जुनीच माती खाली ओढायला लागले. सासूबाईंनी भरलेली पाटी अंगणात ओतली आणि रिकामी वर दिली.